दुसऱ्यांदा वळलेली मान

मोठ्या साहेबांची मान वळली आणि अख्ख्या कचेरीनं टाळ्या वाजवल्या.

साहेबांची मान वळणं ही तशी बातमीच होती. रजा मागायला गेलेल्या माणसाकडे ती कधी वळल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पण त्या गुरुवारी संध्याकाळी साहेब हॉलच्या मधोमध पाय जुळवून शाळकरी मुलासारखे उभे होते. समोर निळ्या सुटातला एक गृहस्थ होता आणि भोवती झाडून सगळी कचेरी.

"मान उजवीकडे वळवा साहेब. जाईल तेवढीच. काय दिसतं?"

"आग विझवायची टाकी," साहेब म्हणाले.

गृहस्थानं त्यांच्या मुठीत काळसर पत्र्याची एक चकती ठेवली, कोटाच्या बटणाएवढी. "आता डोळे मिटा. खोल श्वास घ्या. आता वळवा. जाऊ द्या तिला, अडवू नका, जाते आहे तर जाऊ द्या. हं, उघडा डोळे. आता काय दिसतं?"

"घड्याळ."

घड्याळ टाकीच्या चांगलं हातभर पलीकडे होतं. कचेरी सुटायची वेळ झालेली साहेबांना दिसली, हाच मुळात एवढा मोठा चमत्कार होता की टाळ्या वाजल्या त्यात नवल नव्हतं.

दाराशी उभ्या असलेल्या मास्तरांनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांच्या एका हातात स्वतःचं हेल्मेट होतं, दुसऱ्यात मुलीचं. जन्मभर त्यांनी शाळेत पीटी शिकवली होती. शाळेत पीटीच्या मास्तरला शिक्षक म्हणून कोणी धरत नाही. पावसाच्या दिवशी त्याचा तास गणिताला देतात. त्यामुळे गर्दीच्या कडेला उभं राहून बघायची त्यांना सवय होती. मुलगी या विमा कचेरीत दावे तपासायच्या विभागात होती. दोन महिन्यांपासून तिच्या उजव्या हाताला स्कूटरचा ब्रेक दाबवत नव्हता, म्हणून मास्तर तिला सोडायला आणि न्यायला येत.

ब्रेक न दाबवणारी ती काही एकटी नव्हती. त्या हॉलमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं संगणकासमोर बगळ्यासारखी मान पुढे काढून बसत. कोणी मनगट चोळत असे, तर कोणी म्हशीनं झाडाला घासावा तसा खांदा खांबाला घासत असे. लोकांनी नव्या खुर्च्या मागितल्या होत्या. कंपनीनं विचार करून तीन आठवड्यांपूर्वी चकतीवाला पाठवला.

त्याला बाबा म्हटलेलं चालत नसे. 'सर' म्हणा, असं तो सांगे. जमाना बदलला तसे बाबांनीही धंद्याचे कपडे बदलले, एवढंच. संगणकातून उलट्या लहरी निघतात, माणसाच्या अंगात सुलट्या असतात, आणि मानेशी दोघींची गाठ पडते, असं त्याचं शास्त्र होतं. जिन्यात समोरासमोर आलेल्या दोन भांडलेल्या जावा असाव्यात, तसं तो त्या लहरींबद्दल बोले. चकती संगणकाच्या माथ्यावर चिकटवायची. ती बरोबर डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे, वर नको, खाली नको. आणि दर तासाला उठून खिडकीशी जायचं, लांब क्षितिजाकडे बघत खांदे गोल फिरवायचे आणि लहरी झटकून टाकायच्या.

मानेनंतर हाताची परीक्षा झाली. कचेरीचे हिशेबनीस पुढे आले. देहानं भक्कम माणूस. त्यांनी हात बाजूला सरळ धरला, सरांनी दोन बोटांनी दाबला आणि तो पडला. मग मुठीत चकती दिली, सरांनी तळहातानं जोर लावला, चेहरा लाल केला, आणि हात तसूभर हलला नाही. हिशेबनीसांनी सगळ्यांना सांगितलं की आपली मान तीन आठवड्यांत लोण्यासारखी झाली आहे. पुन्हा टाळ्या.

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. ती पुढच्या रांगेत होती. डॉक्टरीणबाईंनी रात्री मनगटाला बांधायला दिलेला पट्टा ती दिवसाही घालत असे. आज तो नव्हता. आणि ती टाळ्या वाजवत होती, डाव्या हातानं उजव्यावर, कारण उजव्यात जोर नव्हता.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती मागून म्हणाली, "बाबा, सोमवारी ती नसांची तपासणी आहे ना, मी नाही करत."

कारण तिनं घरी पोचल्यावर सांगितलं. सरांनी तिला बाजूला घेतलं होतं. बाकी सगळ्यांना गुण आला, तुम्हालाच का नाही ताई, असं विचारलं होतं. मग डोळे मिटून तिच्या खांद्यावरच्या हवेत हात फिरवला आणि म्हणाले, इथे कोणाचा तरी हात आहे. बाईचा. नुकती गेलेली आहे. तिचा जीव घरातल्या एखाद्या वस्तूत अडकलाय. ती वस्तू घराबाहेर काढा, शनिवारी मी हात उतरवतो. सोमवारी त्या तपासणीच्या सुया मात्र टोचून घेऊ नका. त्यात वीज सोडतात, हात आणखी घट्ट बसेल.

खिडकीशी मुलीच्या आईचं शिलाई मशीन होतं. त्यावर झाकण होतं, झाकणावर बटणांचा डबा होता, आणि दहा महिन्यांत मास्तरांनी तो पुसण्यापलीकडे हलवला नव्हता.

मास्तर जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हणाले, तुझी आई गेल्याचं त्या भामट्याला कळायला दिव्यदृष्टी कशाला हवी, कचेरीतली निम्मी माणसं घरी येऊन गेली होती. म्हणाले, एवढी शिकलीस आणि पत्र्याच्या तुकड्याला भुललीस. शाळेत मैदानावर वापरायचा आवाज त्यांनी स्वयंपाकघरात वापरला.  मुलगी कपात चहा ओतायला गेली, आणि कप तिच्या बोटांतून सुटून फरशीवर फुटला.

दोघंही खाली बसून तुकडे वेचायला लागली. तेव्हा ती म्हणाली, "तो म्हणाला ना, आईचा हात आहे, तेव्हा मला भीती नाही वाटली बाबा. बरं वाटलं. वाटलं, दुखतंय ते दुखू दे."

 मुलगी लबाडीला भुलली असती तर मास्तर तिला समजावू शकले असते. ती आईला भुलली होती, आणि त्या बाबतीत त्यांची स्वतःची स्थिती काही वेगळी नव्हती. पण डॉक्टरीणबाईंचे शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. मानेत नस दाबली जात असावी किंवा मनगटात, तपासल्याशिवाय सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. दुखणं परवडतं. हातातून वस्तू पडायला लागल्या की मात्र थांबायचं नाही. नस फार काळ दबली तर गेलेला जोर सगळा परत येईलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना चहाला बोलावून मास्तरांनी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि मान वळवायला सांगितली. कुठवर दिसतं? कॅलेंडरपर्यंत. आता पुन्हा वळवा. पोस्टमास्तरांना दाराची कडी दिसली. हातात काही नव्हतं, चकती नाही की बिस्कीटही नाही. तिसऱ्यांदा दार ओलांडून शेगडी दिसली.

मास्तर स्वतःवरच चिडले. ही गोष्ट त्यांनी तीस वर्षं मैदानावर पाहिली होती. खाली वाकून पायाची बोटं धरा म्हटलं की पहिल्या खेपेला निम्मी पोरं गुडघ्यापाशी अडतात. तीच पोरं दुसऱ्या खेपेला घोट्यापर्यंत जातात, कारण अंग सैल झालेलं असतं आणि कुठवर जायचं ते कळलेलं असतं. त्याला कोणी चमत्कार म्हणत नाही. त्याला वॉर्म अप म्हणतात.

हाताचं कोडं सुटायला वेळ लागला. मास्तरांनी दाबलं, पोस्टमास्तरांनी धरलं, मग उलट केलं. दोघांची झोंबाझोंबी ऐकून पोस्टमास्तरांच्या पत्नी धावत आल्या आणि या वयात कसली भांडणं करता म्हणून दोघांनाही रागावल्या. त्यांनी ओढून सोडवायला नवऱ्याचा हात कोपरापाशी धरला, तर तो हलेना. मनगट धरून ओढला, तर लगेच खाली आला.

"वहिनी," मास्तर म्हणाले, "जरा परत ओढा."

सरांनी पहिल्यांदा हात मनगटापाशी दाबला होता आणि दुसऱ्यांदा कोपरापाशी, हे मास्तरांना तेव्हा आठवलं. जड दार कडीपाशी ढकललं तर पोरही उघडतं. बिजागरीपाशी ढकललं तर पैलवानाला घाम फुटतो. हात म्हणजे खांद्याच्या बिजागरीवर लावलेलं दार.

एक गोष्ट उरत होती. हिशेबनीस खोटं बोलणारे नव्हते. त्यांची मान खरंच बरी झाली असेल तर ती कशानं?

शनिवारी अर्धा दिवस कचेरी होती. मास्तर सकाळीच मुलीबरोबर वर गेले. मुलीचं मशीनबद्दल काहीच ठरत नव्हतं. ते अजून खिडकीशीच होतं आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मास्तर दोन्ही हेल्मेटं घेऊन रांगांमधून फिरून आले. हिशेबनीसांच्या संगणकावर चकती होती, आणि संगणकाखाली कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे होते. शेजारच्या बाईंच्या संगणकाखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. पुढच्याच्या खाली उलटा टाकलेला खोका. सगळ्या हॉलमध्ये संगणकांचे पडदे वीतभर वर उचलले गेले होते. आणि मुलीच्या टेबलावर लॅपटॉप होता, कारण दावे तपासायला तिला बाहेर जावं लागे. तो उंचावर ठेवला तर टंकता येत नसे, म्हणून त्याची चकती डोळ्यांच्या रेषेत यायची तर मुलीलाच खाली वाकावं लागणार होतं. तीन आठवडे ती इमानेइतबारे वाकत होती.

हॉल भरला. सरांनी प्रथेप्रमाणे विचारलं, कोणाला अनुभव सांगायचाय का?

"मला," मास्तर म्हणाले.

मुलीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि कळ आल्यानं लगेच खाली घातली.

मास्तर मध्ये आले. म्हणाले, सरांच्या कृपेनं माझ्यातही शक्ती उतरली असावी असं वाटतं, साहेबांनी परवानगी दिली तर दाखवतो. सरांनी मोठ्या मनानं हसून मान हलवली. फुकटचा चेला कोणाला नको असतो? मास्तरांनी साहेबांना उभं केलं, मान वळवायला लावली आणि त्यांच्या मुठीत काहीतरी ठेवलं. डोळे मिटा म्हणाले, श्वास घ्या म्हणाले, जाते आहे तर जाऊ द्या असंही म्हणाले. साहेबांची मान टाकी ओलांडून घड्याळाच्याही पुढे, पाण्याच्या यंत्रापर्यंत गेली. मग हिशेबनीसांचा हात पाडला, मुठीत तीच वस्तू दिली आणि दात-ओठ खाऊन जोर लावला. हात हलला नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला.

"सर, यांच्या हाताला गुण आहे," मनुष्यबळ विभागाच्या बाई म्हणाल्या.

"मी म्हटलंच होतं," सर म्हणाले. त्यांनी तसं काहीही म्हटलं नव्हतं.

"हिशेबनीस, मूठ उघडा," मास्तर म्हणाले.

मुठीत एक तपकिरी बटण होतं. चार भोकांचं.

"हे माझ्या बायकोच्या डब्यातलं बटण आहे. माझ्याच जुन्या कोटाचं. या बटणात शक्ती असती तर तो कोट माझ्या पोटावर बसला असता."

कोणीतरी हसलं. मागून एकानं गंभीरपणे विचारलं की अशी बटणं आणखी आहेत का, आणि असली तर मिळतील का.  असल्या माणसांच्या जिवावर जगात निळे सूट शिवले जातात.

मग त्यांनी समजावून सांगितलं, मैदानावर सांगत तसं, छोट्या वाक्यांत. मान दुसऱ्यांदा वळवली की पुढेच जाते. आत्ता सगळ्यांनी रिकाम्या हातांनी वळवून बघा. अख्ख्या हॉलनं मान वळवली, पुन्हा वळवली, आणि कुजबूज सुरू झाली. हात मनगटापाशी दाबला की पडतो, कोपराजवळ दाबला की राहतो. शेजाऱ्याचा धरून बघा. एका मिनिटात हॉलमध्ये ज्याचा त्याचा हात शेजाऱ्याच्या हातात होता.

सरांनी खाकरून सांगितलं की संशयी माणूस जवळ असला की लहरी बिथरतात.

"बिथरू द्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही फक्त हिशेबनीसांचा हात दोन्ही वेळा मनगटापाशी दाबा. एकदा चकती देऊन, एकदा न देता. कुठल्या वेळी दिलीय ते तुम्हाला न सांगता."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. साहेबांना नुकतंच सापडलेलं ते घड्याळ त्यांच्याही उपयोगी पडलं. त्यांना दुसरीकडे पोचायचं होतं. चकत्यांची पेटी उचलताना ती त्यांनी एका बोटावर नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलली. वजन कुठे धरायचं याचं ज्ञान त्यांना होतंच.

हिशेबनीस मात्र जागचे हलले नाहीत. बिचारे दुखावले होते. "मास्तर, तुम्ही म्हणता ते पटलं. पण माझी मान खरंच दुखायची राहिलीय हो. ते काय खोटं?"

"मुळीच नाही. तुमच्या संगणकाखाली काय आहे?"

"कागदांचे गठ्ठे. चकती रेषेत यायला."

"आणि तासातासाला उठून तुम्ही खिडकीशी जाता. संगणकाचा पडदा डोळ्यांसमोर आला, मान वर आली, दर तासाला खांदे मोकळे झाले. गठ्ठे ठेवा, उठणं ठेवा. फक्त चकती काढा, आणि बघा मान पुन्हा दुखते का. दुखली तर डॉक्टरकडे जा. आणि साहेब, लोकांनी खुर्च्या मागितल्या होत्या."

साहेब खुर्च्यांबद्दल काही बोलले नाहीत. चमत्कारालाही मर्यादा असतात.

 गाडीपाशी आल्यावर मुलीनं हेल्मेट घेतलं, पण घातलं नाही. चारचौघांत बापानं आपल्याला मूर्ख ठरवलं असं तिला वाटत असणार, असं समजून मास्तर माफी मागायच्या तयारीत होते. ती वेगळंच म्हणाली.

"म्हणजे खांद्यावर कोणी नव्हतंच."

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. घरी रात्री बाजूची उशी रिकामी दिसते तेव्हा ते स्वतःशी थोडं खोटं बोलतही असत. पण नुकतंच एका माणसाला त्याच धंद्यावरून हाकलून ते खाली आले होते.

"नव्हतं," ते म्हणाले. "कुठेतरी एक नस दबतेय, एवढंच. तुझी आई गेली, पोरी. ती कुठेही अडकलेली नाही, आणि मलाही ते तुझ्याइतकंच जड जातं. पण एक सांगतो. ती जन्मात कोणाच्या मानेवर बसली नाही. मशीनवर बसायची तेव्हा काय करायची, आठवतं?"

मुलीनं हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा केला.

"बॉबिन संपली की उठायची," ती म्हणाली. बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळी. ती भराभर संपते. "दुसरी लगेच भरायची नाही. आधी खिडकीशी जायची. कुंड्यांना पाणी घालायची."

"आणि जाता जाता?"

"जाता जाता माझ्या पाठीत एक धपाटा. सरळ बस म्हणून." ती हसायला गेली, आणि ते तिला जमलं नाही. मास्तरांनी आपलं हेल्मेट घाईनं डोक्यात घातलं. त्याची काच काळी होती, ते बरं.

सोमवारी सुया टोचल्या गेल्या. वीज सोडली गेली, आणि कोणाचाही हात घट्ट बसला नाही. नस मानेत दबत होती, पण वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी व्यायाम दिले, लॅपटॉप उंचावर ठेवून कीबोर्ड वेगळा लावायला सांगितला, आणि स्कूटर चालवणं आणखी काही आठवडे बंद. जोर एका दिवसात आला नाही. पावसाळा गेला, आणि मग एका सकाळी तिनं ब्रेक दाबला आणि मास्तर मागे बसले.

शिलाई मशीन अजून खिडकीशीच आहे. झाकणावर आता लॅपटॉप असतो, त्याच्याखाली बटणांचा डबा, उंचीला अगदी बरोबर. आईची मोकळी बॉबिन शेजारी ठेवलेली असते. तिच्यात शक्तीबिक्ती काही नाही. ती दिसली की मुलगी उठते, एवढंच तिचं काम.

वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. दुखणाऱ्या माणसाला आशा हवी असते आणि ज्याचं माणूस गेलंय त्याला ते माणूस हवं असतं. यात लाजण्यासारखं काही नाही. लाज त्याला वाटावी जो हे विकतो. म्हणून कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवायच्या आधी त्याला पुन्हा करायला सांगा, आणि त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघू नका. हात कुठे ठेवतो ते बघा.